घरं सव्वादोन लाखांवरून ऐंशी हजारांवर आली, तरी कंपनी वाढली असं कशावरून म्हणायचं?

पुण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: प्रश्नकर्त्यांकडे अमेरिकेतल्या इक्विटी रेसिडेन्शियल या भाड्याच्या घरांच्या कंपनीचे थोडे शेअर आहेत. जुने अहवाल चाळताना त्यांना दिसलं, की २००० सालाच्या सुमारास कंपनीकडे सव्वादोन लाखांच्या आसपास घरं होती आणि आज साधारण ८० हजार आहेत. शिवाय रीट (भाड्याच्या मालमत्ता बाळगून त्यांचं उत्पन्न शेअरधारकांना वाटणारी कंपनी) असल्यामुळे तिला ९० टक्के उत्पन्न वाटून टाकावं लागतं. मग ही कंपनी वाढते कुठून? की घरातली भांडी विकून दिवस काढतेय? जोडीला दुसरा प्रश्न: वाकड-हिंजवडीत भाडेकरूंची एवढी रांग असताना आपल्याकडे अशी कंपनी का नाही?

घरांची संख्या हे कंपनीच्या आकाराचं माप आहे, वाढीचं नाही. तुमच्याकडे शेअर आहेत, म्हणून तुमचा खरा प्रश्न असा असायला हवा: प्रत्येक शेअरमागे हातात येणारी रोकड वाढली का, आणि ती वाढवताना कंपनीने किती धोका अंगावर घेतला? कंपनीने दुप्पट घरं घेतली आणि त्यासाठी अडीचपट शेअर बाजारात आणले, तर कंपनी मोठी झाली पण तुमचा वाटा लहान झाला. उलटंही होतं. उत्तर त्या त्या वर्षीच्या व्याजदरावर, शेअरच्या भावावर आणि कोणत्या शहरात किती नवीन बांधकाम चाललंय यावर अवलंबून असतं, म्हणून कायमचं एक सूत्र सांगता येणार नाही. हिशेबाची पद्धत मात्र सांगता येते.

आधी ९० टक्क्यांचा गैरसमज दूर करू. नियम करपात्र उत्पन्नाच्या ९० टक्क्यांचा आहे, रोख उत्पन्नाच्या नाही. २००० पर्यंत तो ९५ टक्के होता. करपात्र आणि रोख यांच्यात घसाऱ्याचं मोठं अंतर असतं (घसारा म्हणजे इमारत जुनी होते म्हणून दर वर्षी हिशेबात वजा होणारी, पण खिशातून न जाणारी रक्कम), आणि ते आकड्यांतच नीट दिसतं.

समजा डॅलसच्या उपनगरात ३०० घरांचं संकुल आहे. सरासरी भाडं महिना १,६०० डॉलर. वर्षाचं पूर्ण भाडं ५७.६ लाख डॉलर. रिकामी घरं आणि बुडीत भाडं मिळून ६ टक्के गेले की ५४ लाख उरतात. पार्किंग, पाळीव प्राण्यांचं शुल्क, स्टोरेज वगैरेंचे ४ लाख मिळवले की ५८ लाख. त्यातून मालमत्ता कर (टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे हा चांगलाच जड असतो), विमा, जागेवरचे कर्मचारी, किरकोळ दुरुस्ती आणि जाहिरात यांचे २२ लाख गेले. हातात राहिले ३६ लाख. याला एनओआय म्हणतात. बाजार अशा संकुलाला ५ टक्के परतावा मागत असेल, म्हणजे कॅप रेट ५ टक्के असेल, तर किंमत झाली ७ कोटी २० लाख डॉलर, घरामागे २ लाख ४० हजार.

आता एनओआयमध्ये न धरलेले मोठे खर्च बघा. छप्पर, एसी, पाण्याच्या टाक्या, फ्रिज, गालिचे, पार्किंगचं डांबर यांना घरामागे वर्षाला अडीच हजार डॉलर धरले तर साडेसात लाख गेले. उरले २८.५ लाख. संकुलावर किमतीच्या ३० टक्के, म्हणजे २ कोटी १६ लाखांचं कर्ज ५ टक्क्यांनी असेल, तर व्याज १०.८ लाख. शेअरधारकांसाठी खरी रोकड राहिली १७.७ लाख.

करपात्र उत्पन्न मात्र वेगळं निघतं. अमेरिकेत राहत्या इमारतीचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत वजा करता येतो. जमिनीचे २० टक्के बाजूला काढले तर इमारत ५ कोटी ७६ लाखांची, आणि तिचा वर्षाचा घसारा जवळजवळ २१ लाख. ३६ लाखांतून व्याज आणि घसारा गेला की करपात्र उरतात फक्त ४.२ लाख. त्याचे ९० टक्के म्हणजे ३.८ लाख. हातात १७.७ लाख आणि वाटण्याची सक्ती ३.८ लाखांची! इमारत जुनी होऊन घसारा संपत आला की हे अंतर कमी होतं, आणि मुख्य कार्यालयाचा खर्च मी इथे धरलेला नाही, तरी तत्त्व हेच.

मग सगळा पैसा राखून ठेवून वाढता येईल का? तेही नाही, कारण रीटचे शेअर लोक लाभांशासाठीच घेतात. या कंपन्या साधारणपणे एफएफओच्या ६५ टक्क्यांच्या आसपास वाटतात. एफएफओ म्हणजे नफ्यात घसारा परत मिसळून येणारा आकडा, आपल्या संकुलात ३६ वजा १०.८, म्हणजे २५.२ लाख. त्याचे ६५ टक्के १६.४ लाख. मोठे खर्च भागवून, लाभांश देऊन शिल्लक राहिले १.३ लाख. म्हणजे ३०० घरांनी वर्षभर भाडं कमावलं आणि नव्या एका घराची जेमतेम निम्मी किंमत जमली. घरच्या शिलकीतून एक लाख घरं कधीच होत नाहीत. मोठी वाढ बाहेरच्या पैशातूनच येते, आणि तो पैसा किती महाग पडला यावर सगळं ठरतं.

बाहेरचा पैसा येण्याच्या वाटा चार: नवे शेअर, कर्ज, जुनी मालमत्ता विकून आलेली रक्कम, आणि भागीदारीचे युनिट. चौथी वाट आपल्याकडच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते, म्हणून तिथे जरा थांबतो.

अमेरिकेत रीटचा कायदा १९६० चा, पण अपार्टमेंटच्या मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या त्या १९९२-९४ च्या लाटेत. त्याआधी इमारती कुटुंबांकडे किंवा छोट्या भागीदाऱ्यांकडे असत. समजा जॉर्जियातल्या एका मालकाने ३० वर्षांपूर्वी १० लाखांत घेतलेली इमारत आज १ कोटीची आहे. घसारा लावून लावून तिची पुस्तकी किंमत जवळजवळ शून्य. ती रोखीने विकली तर नफ्यावर आणि आजवर घेतलेल्या घसाऱ्यावर मोठा कर बसतो, म्हणून तो विकतच नाही. १९९२ मध्ये टॉबमन या मॉलच्या कंपनीने पहिल्यांदा अशी रचना आणली, की रीटच्या खाली एक भागीदारी संस्था असते आणि मालमत्ता प्रत्यक्षात तिच्या नावावर असतात. मालकाने आपली इमारत त्या भागीदारीत टाकायची आणि बदल्यात युनिट घ्यायचे. युनिटवर शेअरइतकाच लाभांश मिळतो, हवं तेव्हा त्यांचे शेअर किंवा रोख करता येते, आणि कर तोपर्यंत पुढे ढकलला जातो. मालक वारला तर वारसांना युनिट त्या दिवशीच्या बाजारभावाने मिळतात आणि जुन्या नफ्यावरचा कर बहुतेक गळूनच पडतो. इक्विटी रेसिडेन्शियलची अशी संस्था म्हणजे ईआरपी ऑपरेटिंग लिमिटेड पार्टनरशिप. विकायला तयार नसलेले मालक हलले ते या रचनेमुळे. रोख पैसा न देता हजारो घरं हातात आली.

शिकागोच्या सॅम झेल यांनी ही कंपनी ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणली तेव्हा तिच्याकडे वीस हजारांहून थोडी जास्त घरं होती. पुढची सात वर्षं ती एकामागून एक कंपन्या गिळत गेली. १९९७ मध्ये वेल्सफर्ड आणि अॅरिझोनाची इव्हान्स विदीकोम्ब, १९९८ मध्ये जॉर्जियातली मेरी लँड, १९९९ मध्ये ओहायोची लेक्सफर्ड, २००० मध्ये न्यू इंग्लंडमधली ग्रोव्ह. घरांचा आकडा सव्वादोन लाखांकडे गेला तो असा. शेअरच्या बदल्यात अख्खी कंपनी घेतली की इमारती, कर्ज, माणसं सगळं एकदम येतं, एकेका इमारतीसाठी वर्षभर वाटाघाटी कराव्या लागत नाहीत.

आणि मग कंपनीने विकायला सुरुवात केली. का, ते लेक्सफर्डवरून कळतं. ती घरं छोट्या गावांतली, बैठी, कमी भाड्याची होती. भाडेकरू बदलतो तेव्हा काय खर्च येतो बघा: रंग, गालिचा धुणं किंवा बदलणं, कुलूप, साफसफाई, जाहिरात, आणि दोन-तीन आठवडे घर रिकामं. फक्त कामाचा खर्च १,२०० डॉलर धरा. घराचं भाडं ६०० असेल तर दोन महिन्यांचं भाडं त्यात गेलं. भाडं २,८०० असेल तर अर्ध्या महिन्याचंही जात नाही. एसीचा कॉम्प्रेसर दोन्हीकडे सारख्याच किमतीला येतो, प्लंबर दोन्हीकडे तेवढेच तास लावतो. त्यात ६० घरांच्या संकुलात पूर्ण वेळ व्यवस्थापक परवडत नाही आणि ३०० घरांच्या संकुलात तो सहज परवडतो. शिवाय गावाबाहेर जमीन मुबलक, त्यामुळे भाडं जरा वाढलं की शेजारी नवीन संकुल उभं राहतं आणि भाडं पुन्हा जागेवर येतं.

कंपनीने २००६ मध्ये लेक्सफर्डची सुमारे २७ हजार घरं १.१ अब्ज डॉलरच्या आसपास विकली. घरामागे साधारण ४० हजार डॉलर. घरांच्या संख्येत एका फटक्यात मोठी घट झाली, पण किमतीच्या हिशेबात ती त्या मानाने लहान होती, मनुष्यबळाच्या हिशेबात मात्र फार मोठी. विकून आलेला पैसा बॉस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, सिअॅटल, सॅन फ्रान्सिस्को आणि दक्षिण कॅलिफोर्निया इथे गेला. आज कंपनीचं सरासरी भाडं महिना ३ हजार डॉलरच्या आसपास आहे. तुम्हाला दिसलेल्या घटीचा मोठा भाग हा असा आहे: कमी भाड्याची पुष्कळ घरं देऊन जास्त भाड्याची थोडी घरं घेतली.

आता सगळ्यात महत्त्वाच्या हिशेबाकडे येऊ, म्हणजे खरेदीने शेअरमागची रोकड वाढते की घटते. आपलं डॅलसचं संकुलच घेऊ. कंपनीला ते ७ कोटी २० लाखांत विकत घ्यायचं आहे, ३० टक्के कर्ज ५ टक्के व्याजाने, बाकी ५ कोटी ४ लाख नवे शेअर काढून. व्याज आणि मोठे खर्च जाऊन १७.७ लाख मिळणार हे आपण काढलंच आहे. कंपनीची सध्याची रोकड शेअरमागे २ डॉलर ४० सेंट आहे असं धरा.

शेअर ६० डॉलरला असेल तर ८ लाख ४० हजार नवे शेअर काढावे लागतील. त्यांना जुन्यांइतकंच द्यायचं तर २०.२ लाख हवेत, मिळतात १७.७. खरेदीने जुन्या शेअरधारकांचं नुकसान झालं. शेअर ८० डॉलरला असेल तर ६ लाख ३० हजार शेअर पुरतात, त्यांना लागतात १५.१ लाख, आणि अडीच लाख वर उरतात. इमारत तीच, भाडेकरू तेच, किंमत तीच. बदलला फक्त शेअरचा भाव. म्हणून या धंद्यात चांगला व्यवस्थापक शेअर महाग असताना खरेदी करतो, आणि शेअर स्वस्त असताना इमारती विकून कर्ज फेडतो किंवा स्वतःचेच शेअर परत घेतो. त्या काळात घरांची संख्या घटताना दिसते, आणि तीच वेळ वाढीचा पाया घालण्याची असते.

शेअर स्वस्त असतानाही वाढ दाखवण्याची एक पळवाट आहे, आणि बहुतेक अपघात तिथेच होतात. शेअर ६० डॉलरलाच आहे, पण कर्ज ६० टक्के घेतलं, आणि ते ३ टक्क्यांनी मिळालं. कर्ज ४ कोटी ३२ लाख, व्याज १३ लाख, उरले साडेपंधरा लाख. नवे शेअर लागतात फक्त ४ लाख ८० हजार, त्यांना हवेत साडेअकरा लाख. चार लाखांचा फायदा दिसला! पाच वर्षांनी तेच कर्ज साडेपाच टक्क्यांनी नव्याने घ्यावं लागलं, तर व्याज जवळजवळ २४ लाख होतं आणि हातात उरतात पावणेपाच लाख. भाडं पाच वर्षांत १५ टक्के वाढलं तरी ही खाच भरून निघत नाही.

२००७ मध्ये टिश्मन स्पायर ही मालमत्ता कंपनी आणि लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक यांनी आर्चस्टोन ही अपार्टमेंट कंपनी सुमारे २२ अब्ज डॉलरला घेतली, ती प्रचंड कर्जावर. इमारती उत्तम होत्या, जागा मोक्याच्या होत्या. पण भाड्यातून व्याज भागण्याइतकी फट नव्हती. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन बुडाली आणि आर्चस्टोन तिच्या दिवाळखोरीच्या मालमत्तेत अडकून राहिली. इक्विटी रेसिडेन्शियल आणि अॅव्हलॉनबे हे दुसरं अपार्टमेंट रीट यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये ती कर्जासकट सुमारे १६ अब्ज डॉलरला मिळून घेतली आणि ६०:४० अशी वाटून घेतली. इक्विटीने पैसा उभा करताना नवे शेअर काढले, लेहमनच्या दिवाळखोरी संस्थेला काही मोबदला शेअरमध्येच दिला, आणि आपली जुनी, बाजूच्या शहरांतली मालमत्ता अब्जावधी डॉलरना विकली. खरेदी एवढी मोठी असूनही घरांची एकूण संख्या फारशी का वाढली नाही, याचं उत्तर या विक्रीत आहे.

त्यानंतरची मोठी घट जानेवारी २०१६ ची. स्टारवुड कॅपिटल या गुंतवणूक संस्थेला ७२ संकुलं, २३,२६२ घरं, ५.३६५ अब्ज डॉलरला विकली. दक्षिण फ्लोरिडा, डेन्व्हर आणि इतर ठिकाणची उपनगरी घरं. घरामागे सुमारे २ लाख ३० हजार डॉलर आले. रीटने विक्रीचा नफा स्वतःकडे ठेवला तर त्यावर कर भरावा लागतो, म्हणून त्या वर्षी कंपनीने दोन खास लाभांश दिले: मार्चमध्ये शेअरमागे ८ डॉलर आणि ऑक्टोबरमध्ये ३ डॉलर. तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर शेअरच्या भावाचा आलेख बघत असाल, तर त्यात हे ११ डॉलर धरलेत का ते तपासा. धरले नसतील तर २०१६ चा परतावा उगाच वाईट दिसतो. विक्रीनंतर नेहमीचा लाभांश थोडा खाली आला, तेही स्वाभाविक होतं, कारण तेवढं भाडं गेलं होतं.

कंपनीचा प्रत्येक निर्णय बरोबर होता असं मात्र मी म्हणणार नाही. २००९ मध्ये तिमाही लाभांश ४८.२५ सेंटांवरून ३३.७५ सेंटांवर आणावा लागला. किनाऱ्यावरच्या शहरांवर सगळा भर दिल्याचा फटका २०२० मध्ये बसला. लोक घरून काम करू लागले आणि न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोची भाडी कोसळली. २०२१ पासून कंपनी डेन्व्हर, अटलांटा, डॅलस, ऑस्टिन इकडे परत वळली, म्हणजे ज्या भागांतून बाहेर पडली होती त्यांतल्या काहींकडे. २०२४ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेच्या फंडांकडून ११ संकुलं, ३,५७२ घरं, सुमारे ९६ कोटी डॉलरना घेतली. घरामागे २ लाख ७० हजार. डेन्व्हर सोडलं तेव्हाचा भाव आणि परत येतानाचा भाव शेजारी ठेवले, तर जाण्या-येण्याचा खर्च जाणवतो. मधल्या काळात तो पैसा दुसरीकडे काय कमावत होता हेही मोजावं लागतं, म्हणून मी याला घोडचूक म्हणत नाही, पण महाग पडलेला फेरा नक्की म्हणतो.

याच काळात दुसरी वाट चालणारी कंपनी म्हणजे टेनेसीची मिड-अमेरिका, म्हणजे एमएए. १९९४ मध्ये बाजारात आली, दक्षिणेतल्या शहरांतच राहिली, २०१३ मध्ये कोलोनियल आणि २०१६ मध्ये अटलांटाची पोस्ट प्रॉपर्टीज आपल्यात मिसळून घेतली आणि एक लाख घरांपर्यंत पोचली. तिथे घरांची संख्या आणि शेअरमागची रोकड दोन्ही वाढली. कारण साधं: त्याच शहरात आणखी घरं आली की दुरुस्तीचं पथक, खरेदी, भाड्याचं सॉफ्टवेअर, सगळ्याचा घरामागचा खर्च उतरतो. तिच्या अडचणीचं मूळही त्याच भूगोलात आहे. दक्षिणेत जमीन आणि परवाने सहज मिळतात. २०२४ मध्ये अमेरिकेत अपार्टमेंट इमारतींतली नवी घरं जवळजवळ पन्नास वर्षांत झाली नव्हती इतकी पूर्ण झाली, आणि त्यांतली पुष्कळ याच पट्ट्यात. शेजारची नवी इमारत दोन महिन्यांचं भाडं माफ करते, तेव्हा जुन्या इमारतीला नव्या भाडेकरूचं भाडं उतरवावंच लागतं.

आकाराची हौस आणि स्वस्त कर्ज एकत्र आलं की काय होतं, याचं ताजं उदाहरण जर्मनीची वोनोव्हिया. ती रीट नाही. जर्मन रीट कायद्याने २००७ पूर्वीची देशातली राहती घरं रीटमध्ये घ्यायला मनाईच केली आहे. डॉइच अॅनिंग्टन या नावाने २०१३ मध्ये बाजारात आली, २०१५ मध्ये गागफा ही घरांची कंपनी घेऊन वोनोव्हिया झाली आणि जर्मन शेअर बाजाराच्या डॅक्स निर्देशांकात गेली, २०२१ मध्ये बर्लिनची डॉइच वोहनेन घेऊन पाच लाख घरांच्या पुढे पोचली. युरोपात व्याजदर शून्याच्या आसपास किंवा खाली असताना हे सगळं झालं. जुलै २०२२ पासून युरोपीय मध्यवर्ती बँकेने दर चढवले, सप्टेंबर २०२३ पर्यंत ठेवीचा दर ४ टक्के झाला. घरं भरलेली होती, भाडं वेळेवर येत होतं, तरी मालमत्तेच्या किमती खाली आणाव्या लागल्या, २०२३ मध्ये कागदावर पावणेसात अब्ज युरोंच्या आसपास तोटा आला, आणि लाभांश १.६६ युरोवरून ०.८५ वर आला. भाडेकरूंकडून काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते कर्जाच्या बाजूने.

इथवरचं थोडक्यात: सक्तीची वाटणी वाढीच्या आड येत नाही, पण शिल्लकही फारशी राहत नाही. म्हणून वाढीचं एक इंजिन आहे त्याच घरांचं भाडं. आपल्या संकुलात भाडं आणि सगळे खर्च ३ टक्के वाढले आणि व्याज स्थिर राहिलं, तर रोकड जवळजवळ ५ टक्के वाढते. दुसरं इंजिन बाहेरच्या पैशाने केलेली खरेदी किंवा बांधकाम, आणि ते शेअर महाग असतानाच नीट चालतं.

आता आपल्याकडचं. वाकडमध्ये ८५ लाखांचा टू बीएचके २५ हजार भाड्याने जातो असं धरू. वर्षाला ३ लाख. एक महिना रिकामा, सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजार, मालमत्ता कर १२ हजार, असं जाऊन २ लाख २७ हजार उरतात. परतावा २.७ टक्के, आणि कर्जाचा दर त्याच्या कितीतरी वर. वरचा हिशेब इथे लावून बघा, कोणत्याही शेअरभावाला तो बसत नाही. खरेदीच्या वेळचं मुद्रांक शुल्कच ७ टक्क्यांच्या घरात, म्हणजे अडीच वर्षांचं निव्वळ भाडं. त्यात आपल्याकडे बिल्डर इमारत उभी राहायच्या आधीच एकेक फ्लॅट विकून बांधकामाचा पैसा उभा करतो. त्यामुळे अख्खी इमारत एका मालकाकडे राहतच नाही, आणि २०० मालकांच्या सोसायटीत ४० फ्लॅट घेऊन लिफ्टपासून छपरापर्यंतचे निर्णय कंपनीच्या हातात येत नाहीत. सेबीचे रीटचे नियम २०१४ चे, पहिलं एम्बसीचं रीट एप्रिल २०१९ मध्ये नोंदलं गेलं. माइंडस्पेस रीटकडे ऐरोली, येरवडा, खराडीची कार्यालयं आहेत, नेक्सस सिलेक्टकडे सीवूड्सचा मॉल आहे. तिथे भाडं किमतीच्या मानाने कितीतरी जास्त आणि करार अनेक वर्षांचे, ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्ससारखे नाहीत. म्हणून पैसा तिकडे गेला.

तुमच्या हातातल्या शेअरबद्दल, अहवालात काय बघायचं ते सांगतो. पहिली ओळ सेम-स्टोअरची, म्हणजे गेल्या वर्षीही कंपनीकडे असलेल्या घरांचीच. तिथे एनओआय किती वाढला ते बघा. एकूण उत्पन्नाची वाढ खरेदीने फुगलेली असू शकते. मग नव्या भाडेकरूंचं भाडं आणि नूतनीकरणाचं भाडं वेगवेगळं वाचा. नूतनीकरण ४-५ टक्क्यांनी होतंय आणि नव्यांचं भाडं उणे आहे, तर वर्षभरात नूतनीकरणही खाली येणार, कारण सध्याचा भाडेकरू शेजारच्या जाहिराती बघतोच. घरं ९६ टक्क्यांच्या आसपास भरलेली असणं नेहमीचं. ९८ असेल तर बहुधा भाडं स्वस्त ठेवलंय. त्यानंतर गेल्या दहा वर्षांची शेअरमागची रोकड एका कागदावर उतरवून काढा, मोठे दुरुस्तीखर्च वजा केल्यानंतरची, आणि शेजारी दर वर्षीची शेअरसंख्या.

शेवटी कर्जाचं पान. निव्वळ कर्ज हे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या वार्षिक कमाईच्या किती पट आहे ते बघा. इक्विटी रेसिडेन्शियलसारख्या कंपन्या ते ५ पटींच्या आसपास ठेवतात, वोनोव्हियाचं १५ पटींच्या घरात गेलं होतं. त्याच पानावर कोणत्या वर्षी किती कर्ज परत करायचं याचा तक्ता आणि त्याचा सध्याचा दर असतो. पुढच्या तीन वर्षांत फेडायची रक्कम घ्या, आजच्या दराने तिचं नवं व्याज काढा, जुनं वजा करा आणि फरकाला शेअरसंख्येने भागा. येणारा आकडा शेअरमागच्या रोकडीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त निघाला, तर घरांची संख्या वाढत असो की घटत असो, आणखी शेअर विकत घ्यायचं त्या वर्षी थांबवा.